एकच तांब्या, तीन माध्यमं: शाळेत रेखाटन, ठसेकाम आणि पेस्टल शिकवण्याची पद्धत

शाळेत चित्रकलेचं वर्ष बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं. जूनपासून पेन्सिल, दिवाळीच्या आसपास पेस्टल, आणि वेळ उरलाच तर भेंडी-बटाट्याचे ठसे. अशा वाटणीत मुलांना तीन सुट्या युक्त्या कळतात, पण तिन्हींना जोडणारी गोष्ट हाती लागत नाही. ती गोष्ट म्हणजे गडद-फिकट. पेन्सिलीत पांढऱ्या कागदाकडून काळ्याकडे जायचं असतं. लिनोत, म्हणजे कोरून ठसा घ्यायच्या लिनोलियमच्या तुकड्यात, उलट, काळ्यातून पांढरं कोरून काढायचं. खाकी कागदावर पेस्टल चालवताना मधल्या रंगावरून सावलीकडेही जायचं आणि उजेडाकडेही. म्हणून आमचा आग्रह आहे की वर्षभर एकच वस्तू तिन्ही माध्यमांतून न्यावी. आठवी-नववीच्या मुलांना ती तिसऱ्यांदा काढताना पहिल्या खेपेला न दिसलेली सावली आपोआप दिसू लागते.

आधी हवा बघा

बेळगाव जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाल तशी हवा बदलते, आणि त्याप्रमाणे माध्यमांचा क्रमही बदलायला हवा. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात पावसाळाभर कागद सर्द असतो. सर्द कागदावर खोडरबर फिरवला की लव निघते, ४बी या मऊ, काळ्या पेन्सिलीची रेघ फिकी उमटते आणि कोरडं पेस्टल एकसारखं बसत नाही. ऑइल पेस्टल मेण आणि तेलाचं असल्यामुळे त्याला एवढी अडचण येत नाही. मोनोप्रिंटला, म्हणजे काचेवर पसरलेल्या रंगावरून कागदावर घ्यायच्या ठशाला, तर हा काळ फारच सोयीचा, कारण पाण्याचा रंग काचेवर बराच वेळ ओला राहतो आणि संथपणे काम करणाऱ्या मुलालाही पुरतो. अथणी-रायबागकडे मार्चमध्ये तोच रंग दोन-तीन मिनिटांत सुकतो आणि कागदावर काहीच उमटत नाही. तिथे मोनोप्रिंट पावसाळ्यातच उरकावं.

लिनो आणि कोरड्या पेस्टलसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळीकडे चांगला. एप्रिलच्या उन्हात ऑइल पेस्टल मऊ पडतात, दाबलं की मोडतात. पेटी खिडकीपाशी ठेवू नका. कागद नेहमी जमिनीपासून वर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये आडवा ठेवावा. उभा ठेवलेला सर्द कागद वाकतो आणि मग ठसा घेताना कडा उचलल्या जातात.

रेखाटन: रताळ्यापासून तांब्यापर्यंत

पहिली वस्तू म्हणून रताळं घ्या. बेळगावच्या बाजारात त्याला तोटा नाही, आणि त्याचा आकार ‘चुकला’ असं कुणी म्हणू शकत नाही, त्यामुळे मुलांचा हात मोकळा सुटतो. एचबी पेन्सिल शार्पनरने टोकदार न करता ब्लेडने तासून साधारण १ सेंटिमीटर शिसं उघडं ठेवा. मोठ्या मुलांना हे स्वतः करू द्यावं, लहानांना तुम्ही करून द्या. लांब शिसं आडवं धरता येतं आणि एकाच पेन्सिलीतून बारीक रेघ आणि रुंद छटा दोन्ही मिळतात.

पहिल्या तासाला तीन रेखाटनं काढून घ्या. पहिलं अर्ध्या मिनिटात, फक्त वस्तू कुठून कुठे पसरली आहे ते. दुसरं कागदाकडे न बघता, नजर रताळ्याच्या कडेवरून मुंगीच्या वेगाने सरकवत. तिसरं पाच मिनिटांचं, बघून. दुसरं रेखाटन वेडंवाकडं येणारच, ते फाडू देऊ नका. त्याच कागदाच्या कडेला तिसरं ठेवलं की डोळ्याने पकडलेल्या जागा आणि सवयीने काढलेल्या जागा वेगळ्या दिसतात.

मग तांब्या. इथे जवळपास प्रत्येक वर्गात दोनच चुका होतात, आणि दोन्ही समजावून सांगाव्या लागतात. पहिली तोंडाच्या कडेची. मुलं वरचा लांबट गोल काढताना दोन्ही टोकांना कोन करतात. या गोलाला कुठेही टोक नसतं, टोकाकडेही वळणच असतं. हे पटवायला हाताने हवेत सहा-सात वेळा गोल फिरवून मग तोच फेरा हलक्या हाताने कागदावर उतरवायला सांगा, एका रेघेत नाही. दुसरी चूक तळाची. तळ जमिनीवर टेकलेला म्हणून मुलं तिथे सरळ रेघ मारतात. प्रत्यक्षात डोळ्याच्या पातळीपासून गोल जितका खाली, तितका तो जास्त फुगीर दिसतो. म्हणून तळाची कड तोंडाच्या कडेपेक्षा अधिक गोल आली पाहिजे. काचेच्या ग्लासात अर्धं पाणी भरून तो बाकावर ठेवा: तोंड, पाण्याची पातळी आणि तळ, तिन्ही गोल एकाखाली एक अधिकाधिक फुगत जाताना दिसतात.

माप घेण्यासाठी हात पूर्ण ताणून पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि तांब्याच्या उंचीत रुंदी किती वेळा बसते ते मोजायचं. कोपर वाकला की माप गेलं. उंची आणि रुंदी वेगवेगळ्या जागी उभं राहून मोजली तरीही गेलं.

छटांसाठी ३ सेंटिमीटरचे पाच चौकोन काढा: पहिला कोरा, शेवटचा ६बीने जमेल तेवढा काळा. मधले तीन भरताना मुलं सगळेच राखाडी करतात, म्हणून आधी दोन टोकं, मग बरोबर मधला आणि शेवटी उरलेले दोन, असा क्रम ठेवा. बोटाने चोळण्याला या टप्प्यावर बंदी. चोळलेली छटा गुळगुळीत दिसते पण सगळी मधल्या राखाडीत जमा होते, शिवाय बोटाचं तेल कागदाला लागलं की त्या जागी पुढे पेन्सिल घसरते.

प्रत्यक्ष समोर बसून काढण्याची परंपरा बेळगावला आहेच. व्यक्तिचित्रांसाठी ओळखले जाणारे के. बी. कुलकर्णी इथलेच, आणि त्यांच्याकडे शिकलेले रवी परांजपे पुढे देशभर नावाजले गेले. मुलांना छापील चित्रावरून नक्कल करायला लावण्यापेक्षा वर्गात तांब्या ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

मोनोप्रिंट: ठशाची ओळख, कुठलंही हत्यार न घेता

काचेऐवजी फरशीच्या दुकानातली उरलेली गुळगुळीत टाइल किंवा सनमायकाचा तुकडा चालतो. काचच घेतली तर चारही कडांना चिकटपट्टी लावा. रंगासाठी पोस्टर कलर नुसता वापरू नका. तो पातळ असतो आणि लगेच सुकतो. त्यात खळ घालायची: १ चहाचा चमचा मैदा अर्धा कप थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गार करा, गाळून घ्या. २ भाग पोस्टर कलर, १ भाग खळ आणि एका चमच्याला दोन-तीन थेंब ग्लिसरीन. ग्लिसरीन जास्त झालं तर ठसा दिवसन्‌दिवस चिकट राहतो आणि खानापूरकडच्या हवेत त्याला बुरशी धरते. खळ दोन दिवसांत आंबते, तेवढीच करावी.

टाइलवर अर्धा चमचा रंग घेऊन रबरी रोलरने आधी उभा, मग आडवा पसरवा. थर योग्य झाला की रोलर फिरवताना बारीक चर्र असा आवाज येतो. रंग ओला चमकत असेल आणि आवाज नसेल तर थर जाड आहे. त्यावर वर्तमानपत्र ठेवून एकदा उचलून घ्या. मग पातळ कागद अलगद ठेवायचा, हात टेकवायचा नाही, आणि कागदाच्या पाठीवर बॉलपेनने तांब्या काढायचा. उचलल्यावर खालच्या बाजूला मऊ, किंचित केसाळ रेघ उमटलेली असते. हात टेकला तिथे डाग पडतो. तो टाळायला टाइलच्या दोन्ही बाजूंना पुस्तकं ठेवून त्यांवर पट्टी आडवी टाकायची आणि मनगट पट्टीवर टेकायचं.

आता टाइलवर उरलेल्या रंगात तांब्याची रेघ पांढरी दिसते. दुसरा कागद त्यावर ठेवून तळव्याने सगळीकडे चोळला की उलटं चित्र मिळतं: गडद पार्श्वभूमी, पांढरी रेघ. त्याच टाइलवरून लगेच तिसरा छाप घ्या. तो फिका, धूसर येईल. तो टाकायचा नाही, पेस्टलसाठी तोच हवा आहे.

लिनो: आठवीपासून पुढे

पाचवी ते सातवीच्या मुलांना कोरायची हत्यारं देऊ नयेत. त्यांना भाजीच्या पॅकिंगच्या थर्माकोल ट्रेचा सपाट तळ कापून द्या. शाई संपलेल्या बॉलपेनने त्यावर दाबून रेघ मारली की ती जागा पांढरी राहते, बाकीचं छापलं जातं. टोकदार पेन्सिलीने थर्माकोल फाटतो. एवढी काळजी घेतली तर ट्रेचं काम एका तासात होतं.

लिनोची जाडी ३ ते ५ मिलिमीटर असावी, तुकडा १० बाय १५ सेंटिमीटर. त्याहून मोठा तुकडा ४० मिनिटांच्या तासांत मुलांकडून पुरा होत नाही. थंडीत लिनो कडक होतो. कोरण्याआधी दहा मिनिटं उन्हात ठेवला की लोण्यासारखा कापला जातो. कडक लिनोवर जोर लावावा लागतो, आणि बहुतेक जखमा हत्यार निसटल्यामुळेच होतात.

म्हणून प्रत्येकासाठी अडणी करून घ्या. प्लायवूडचा २० बाय २५ सेंटिमीटरचा तुकडा, त्याच्या वरच्या बाजूला मुलापासून लांबच्या कडेवर एक पट्टी आणि खालच्या बाजूला मुलाकडच्या कडेवर दुसरी पट्टी ठोकलेली. खालची पट्टी बाकाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला लिनो टेकतो. सुतार अर्ध्या दिवसात दहा करून देतो. नियम एकच, पण तो रोज म्हणून घ्या: धरणारा हात हत्याराच्या मागे, पुढे कधीच नाही. वळण आलं तर हत्यार वळवायचं नाही, लिनो फिरवायचा.

बोथट हत्यार धारदार हत्यारापेक्षा जास्त घसरतं. धार लावायला अथणीकडे चपला करणाऱ्यांकडचा जाड कातड्याचा तुकडा फार उपयोगी पडतो. तो लाकडावर चिकटवा, वर पितळ चमकवायचं पॉलिश किंचित लावा आणि हत्याराची बाहेरची बाजू मागे ओढत दहा-बारा वेळा फिरवा. पुढे ढकललं तर कातडं कापलं जातं. हे काम तासाआधी शिक्षकांनीच करून ठेवावं.

चित्र लिनोवर उतरवण्याआधी तांब्याचं रेखाटन फक्त काळ्या-पांढऱ्यात पुन्हा काढायचं. पाच छटांच्या दोन करताना मधल्या छटेचं काय करायचं, हा इथला खरा प्रश्न आहे. ती काळ्यात टाकायची, पांढऱ्यात, की जवळजवळ रेघांनी दाखवायची, हे मुलाने ठरवावं आणि ठरवल्याचं कारण सांगावं. शिक्षकाने ठरवून दिलं की चाळीस लिनो सारखेच निघतात.

मग ट्रेसिंग पेपरवर गिरवून तो उलटा करायचा आणि कार्बनने लिनोवर उतरवायचं, म्हणजे छापल्यावर सुलटं येतं. नाव कोरायचं असेल तर हे विसरून चालत नाही. सीमाभागातली मुलं मराठी आणि कन्नड दोन्ही लिहितात, त्याचा इथे छान उपयोग होतो. कन्नड अक्षरांची गोल वळणं यू-आकाराच्या हत्याराला चालना देतात, तर देवनागरीची शिरोरेखा आणि उभे दांडे व्ही-आकाराच्या हत्याराने सरळ रेघ मारण्याचा सराव देतात. एकाच मुलाने आपलं नाव दोन्ही लिप्यांत कोरलं की दोन्ही हत्यारं हाताला बसतात.

खोली दीड-दोन मिलिमीटर पुरे. खालचं गोणपाट दिसलं तर खोल गेलात. रेघेच्या बाजू उतरत्या हव्यात. आतून पोखरलेली रेघ दहाव्या छापापर्यंत तुटते. मोठा पांढरा भाग पूर्ण सपाट करण्याचा हट्ट नको. तिथे राहिलेल्या बारीक कड्या छापात उमटतात आणि ठशाचा जिवंतपणा त्यांच्यात असतो, फक्त त्यांची दिशा वस्तूच्या गोलाईला धरून असावी.

हे दाखवायला बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्ती उत्तम. १२०४ सालच्या या जैन मंदिराच्या छतावर दगडात कोरलेलं कमळ आहे. पाकळ्यांमधली सावली म्हणजे काढून टाकलेला दगड, हे मुलांना तिथे उभं राहून कळतं. सहल काढता आली तर खडू-कागद सोबत न्या, पण दगडावर कागद ठेवून घासून छाप घेऊ नका. संरक्षित वास्तू आहे, फक्त रेखाटन करा.

छापण्यासाठी ७० ते ९० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) गुळगुळीत कागद. जाड कार्ट्रिज कागद हाताने दाबून पुरेशी शाई घेत नाही. शाई पाण्याची असेल तर वर दिलेलं मिश्रण थोडं दाट करा. छापखान्यातून उरलेली ऑफसेट शाई मिळाली तर छाप फार सुरेख येतो, मात्र पावसाळ्यात तो सुकायला तीन-चार दिवस लागतात, आणि पुसायला केरोसीन वापरू नका. आधी खाद्यतेलाने पुसा, मग भांड्याच्या साबणाने धुवा.

शाईचे दोन-तीन पातळ थर द्या, एक जाड थर कधीच नाही. कागद ठेवल्यावर स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मध्यापासून कडांकडे गोल-गोल दाबा. उचलण्याआधी एक कोपरा धरून अर्धा कागद वर करून बघा. फिका असेल तर तिथे परत शाई लावून कागद पुन्हा खाली सोडता येतो, कारण दुसरी बाजू जागेवर अडकलेलीच असते.

बिघाड ओळखणं सोपं असतं. पांढऱ्या रेघा भरून आल्या तर शाई जास्त किंवा पातळ. सगळीकडे ठिपकेदार आलं तर शाई कमी किंवा दाब कमी. कडेने दुहेरी रेघ दिसली तर दाबताना कागद हलला. एकाच जागी सतत पांढरं राहिलं तर लिनोवर कोरीव कामाचा कचरा अडकलेला असतो, तो उचलून काढा. पहिले दोन छाप लिनोला शाई पिऊ देण्यासाठीच असतात, गुण तिसऱ्या छापाला द्या. सुकलेल्या छापाखाली पेन्सिलीने डावीकडे क्रमांक, मध्ये चित्राचं नाव, उजवीकडे सही. ३/१० म्हणजे दहापैकी तिसरा छाप.

पेस्टल: खाकी कागद आणि फिका छाप

जूनमध्ये वह्यांना कव्हर घातल्यावर उरलेला खाकी कागद गोळा करून ठेवा. पेस्टलसाठी त्याची खरखरीत बाजू वापरायची, चकचकीत नाही. कागद स्वतःच मधली छटा आहे, त्यामुळे मुलाला फक्त दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: कुठे गडद, कुठे उजळ. तांब्याचा जो भाग कागदाच्या रंगाचा आहे तो कोराच सोडायचा. पांढऱ्या कागदावर शिकलेल्या मुलांना हे सर्वांत अवघड जातं, सगळं भरून टाकायची सवय झालेली असते.

कोरडं पेस्टल कांडीच्या बाजूने, हलक्या हाताने सुरू करा: आधी सावल्या, मग वस्तूचा रंग, सर्वांत शेवटी उजेडाचा ठिपका. पांढरा सुरुवातीला लावला तर पुढचा प्रत्येक रंग त्यात मिसळून पिठूळ होतो. काळी कांडी पहिल्या महिन्यात पेटीतून काढूनच घ्या. सावलीसाठी गडद निळा आणि तपकिरी एकावर एक द्या, सावलीत खोली येते. एका जागी तीनपेक्षा जास्त थर बसत नाहीत, कागदाचे खळगे भरले की रंग घसरतो. फुंकर मारून धूळ उडवू नका, ती नाकात जाते. कागद उभा करून खाली वर्तमानपत्रावर टकटक आपटा आणि तास संपल्यावर बाक ओल्या फडक्याने पुसा. रंग कागदावर पक्का करणारा फिक्सेटिव्हचा स्प्रे वर्गात नकोच. सुटे बटर पेपर मध्ये घालून चित्रं ठेवा.

खाकी कागद फार गुळगुळीत वाटला तर जाड कार्डाला घरीच पकड देता येते. २ भाग पांढरा इमल्शन रंग, १ भाग पाणी आणि मलमलच्या कापडातून चाळलेली १ भाग पांढरी रांगोळी एकत्र करून रुंद ब्रशने एक हात द्या. मागच्या बाजूलाही साधा इमल्शनचा हात द्या, नाहीतर कार्ड कमान टाकतं. एक दिवस सुकू द्या.

ऑइल पेस्टलचा क्रम वेगळा. इथे फिक्याकडून गडदकडे जायचं, कारण गडद रंगावर फिका लावला तर तो मळतो आणि कांडीचं टोकही खराब होतं. दाब टप्प्याटप्प्याने वाढवा. पहिल्याच थराला जोर लावला की वर दुसरा रंग चढत नाही, नुसता सरकतो. रंग मिसळायला कापसाच्या बोळ्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब पुरतो. जास्त झालं तर कागदाच्या पाठीला तेलाचा डाग फुटतो. तांब्यावरची चमक पांढऱ्या कांडीने न देता शेवटी बोथट सुईने रंग खरवडून काढा, खालचा कागद दिसतो आणि चमक जास्त खरी वाटते.

आता मोनोप्रिंटचा तो फिका छाप काढा. १८७०च्या दशकात फ्रेंच चित्रकार एदगार देगा आपल्या मोनोप्रिंटच्या दुसऱ्या, फिक्या छापांवर पेस्टल चालवत असे. गडद-फिकटाची मांडणी छापाने आधीच करून दिलेली असते, त्यामुळे सगळं लक्ष रंगाकडे देता येतं. छाप पूर्ण सुकलेला हवा. ग्लिसरीन जास्त पडलेल्या छापावर कोरडं पेस्टल चिखल होतं, तिथे ऑइल पेस्टल वापरा.

चाळीस मुलांचा वर्ग

छापायच्या दिवशी सगळ्यांना एकदम छापू देऊ नका. शाईच्या चार जागा, प्रत्येकी दोघं, बाकीची मुलं रेखाटन किंवा पेस्टल करत बसलेली. जोडीतल्या एकाचा हात शाईचा, तो रोलर आणि लिनो सांभाळतो. दुसऱ्याचा हात कोरडा, कागदाला फक्त तोच हात लावतो. छाप झाला की अदलाबदल. एवढ्या एका नियमाने बोटांचे डाग जवळपास नाहीसे होतात. वर्गभर सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी छाप लटकवा, दोन छापांत तळहाताचं अंतर ठेवा.

तास संपायच्या आधी दहा मिनिटं आवराआवरीला राखून ठेवा. रोलर धुऊन टांगून ठेवा. टेबलावर टेकवून ठेवला तर रबराला सपाट चट्टा पडतो आणि पुढच्या वर्षी प्रत्येक छापात एक पट्टा येतो. लिनोचे तुकडे पुसून, मध्ये कागद घालून, आडवे रचून सावलीत ठेवा.